वाचणारी वाचते का?

मराठीत 'वाचणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. अक्षरे वाचणे हा एक, आणि जिवानिशी वाचणे हा दुसरा. हिंदीला त्यासाठी 'पढ़ना' आणि 'बचना' असे दोन निराळे शब्द लागतात. ज्या घरांत दोन भाषा नांदतात तिथल्या माणसांना असल्या गोष्टी लवकर जाणवतात. तुमच्याकडे सीमाभागात मराठीच्या शेजाराला कानडी आहे, आमच्याकडे इंदुरात हिंदी. देवघरातली भाषा एक आणि भाजीबाजारातली दुसरी, हे तुम्हांला काय नवीन सांगायचे!

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एड्सविषयी एक हिंदी घोषवाक्य दवाखान्यांच्या भिंतींवर आणि दूरदर्शनवर सारखे दिसे, 'जानकारी ही बचाव है'. मी तेव्हा शाळेत भाषा शिकवीत असे. त्या वाक्याचे मनातल्या मनात मराठी करताना वाटे, की आपल्या भाषेत हे किती थोडक्यात सांगता येते. जो वाचतो तो वाचतो. पण 'जो'च्या जागी 'जी' घातली, की वाक्य अडखळते. जी वाचते ती वाचते का?

हा प्रश्न व्याकरणाचा नाही, नीतीचा आहे, आणि या लेखात मला त्याचाच विचार करायचा आहे. सणाच्या दिवसांत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात, आणि हा विषय घराचाच आहे.

रोगप्रतिबंधाच्या मोहिमा या मुळात उपदेशाच्या मोहिमा असतात. पाणी उकळून प्या, डबकी साचू देऊ नका, लस टोचून घ्या. उपदेशाला मात्र एक जुनी अट आहे. जे करणे माणसाच्या हातात आहे, तेच त्याचे कर्तव्य म्हणून सांगता येते. पांगळ्याला डोंगर चढ म्हणणे हा उपदेश नव्हे, थट्टा आहे. आता एड्सच्या मोहिमेने सांगितलेल्या तीन गोष्टी पाहा. संयम पाळा, जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, आणि तेही जमत नसेल तर निरोध वापरा. पुरुषाला या तिन्ही गोष्टी करता येतात. करील की नाही हा भाग वेगळा, पण त्या त्याच्या हातात आहेत. लग्न झालेल्या बाईच्या हातात यांतली कोणती आहे? संयम तिने एकटीने ठरवून चालत नाही. एकनिष्ठ ती आहेच, पण तिच्या निष्ठेने तिचे रक्षण होत नाही. रक्षण व्हायचे तर ते नवऱ्याच्या निष्ठेने. आणि निरोध वापरायचा त्याने. म्हणजे तिन्ही वाक्यांतला कर्ता तो, आणि परिणाम भोगायचा तिने.

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळात त्या काळी आम्ही बायकांना आरोग्याची पत्रके वाचून दाखवीत असू. खरगोनकडची एक बाई येत असे. चार घरी पोळ्या करायची. नवरा लोहामंडीतून माल भरून भिवंडीपर्यंत ट्रक न्यायचा. इंदूर आग्रा-मुंबई रस्त्यावर वसलेले आहे, त्यामुळे अशी घरे इथे पुष्कळ. ती पाचवीपर्यंत शिकलेली होती. पत्रक तिने स्वतःच अक्षर अक्षर लावून वाचले, घडी घालून कमरेला खोचले आणि म्हणाली, "दीदी, पढ़ तो लिया। अब करूँ क्या?" निरोधाचे नाव काढले तर तो म्हणेल, माझ्यावर संशय घेतेस? किंवा म्हणेल, तुला हे कुणी शिकवले, तूच कुठे जातेस? मारील ते निराळेच. आणि नाही म्हटले तर रात्री दोन पोरांना घेऊन ती जाणार कुठे? पत्रकात याचे उत्तर नव्हते. पत्रक ज्याने लिहिले त्याने ही बाई डोळ्यांपुढे आणलीच नव्हती. तिला आता धोका कळला होता, टाळण्याचा उपाय मात्र तिच्याजवळ नव्हता. माहितीने तिला वाचवले नाही, तिची झोप तेवढी नेली.

ही एका वस्तीतली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या पाहणीचे निष्कर्ष १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. या स्त्रियांपैकी ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. ३९१ जणी तसे काही करीत नव्हत्या. पहिल्या गटात ४९.९ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची लागण झालेली आढळली. हा आकडा मोठा आहे, पण त्या वेळी अनपेक्षित नव्हता. दुसऱ्या गटातला आकडा १३.६ टक्के निघाला. लेखाच्या शीर्षकातच 'विवाहित, एकनिष्ठ स्त्रिया' असे शब्द होते. ही दवाखान्यात आलेल्या स्त्रियांची पाहणी होती, सगळ्या गृहिणींवर तो आकडा लावता येणार नाही, हे खरे. पण त्यातून निघालेली गोष्ट टाळता येत नाही. या बायकांनी कोणतेही जोखमीचे वर्तन केले नव्हते. त्यांनी लग्न केले होते, एवढेच.

आपल्याकडे पातिव्रत्याला कवच मानण्याची रीत आहे. सावित्रीने आपल्या निष्ठेच्या बळावर सत्यवानाला यमाकडून परत आणले, ही कथा ऐकत आपल्या घरांतल्या मुली मोठ्या होतात. वडाला सूत गुंडाळणाऱ्या बाईच्या श्रद्धेची मला चेष्टा करायची नाही. माझ्या आईने ते व्रत जन्मभर केले. पण या रोगाने त्या श्रद्धेपुढे एक कठोर गोष्ट आणून ठेवली. इथे पत्नीची निष्ठा नवऱ्याला वाचवीत नाही आणि तिलाही वाचवीत नाही. उलट ती निष्ठावान आहे, म्हणून आपल्याला काही होणार नाही असे समजून गाफील राहते. त्यातून निसर्गही तिच्या बाजूचा नाही. शरीररचनेमुळे ही लागण पुरुषाकडून स्त्रीला होणे उलट दिशेपेक्षा सोपे असते, आणि इतर गुप्तरोगही स्त्रीच्या शरीरात बरेचदा काही लक्षण न दाखवता राहतात.

मग मोहिमेच्या आखणीत ही बाई कुठे होती? आपल्या देशात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण १९८६ साली मद्रासला डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनीने शोधले. त्या वेश्या होत्या. तेव्हापासून या रोगाच्या नकाशावर स्त्री प्रथम दिसली ती रोग 'पसरविणारी' म्हणून. तिला रोग दिला कुणी, हे विचारायची गरज फारशी कुणाला वाटली नाही. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली, कार्यक्रम आखले गेले, लोकसंख्येचे गट पडले. एक अतिजोखमीचा गट. दुसरा गट ट्रकवाले आणि स्थलांतरित मजूर यांचा, ज्याला तज्ज्ञ लोक 'पूल' म्हणतात, कारण त्याच्यावरून रोग पलीकडे जातो. आणि तिसरा, पलीकडचा, 'सर्वसाधारण जनता'. पोळ्या करणारी ती बाई पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभी होती. पण तक्त्यात तिला स्वतःचे नाव नव्हते; ती जनतेत जमा होती.

नाव मिळाले ते ती गरोदर राहिल्यावर. आईकडून बाळाला होणारी लागण औषधाने टाळता येते हे सिद्ध झाल्यावर, या शतकाच्या आरंभी गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू झाली. हे काम मोलाचे आहे. त्याने असंख्य बाळे वाचली, आणि २०१४ पासून अशा आईला जन्मभर मोफत उपचार मिळू लागले. पण सुरुवातीची काही वर्षे बाळंतपणात आईला एक गोळी आणि बाळाला थोडे औषध, एवढ्यावर काम भागे. बाळ वाचले की कार्यक्रम सफळ. आईचे पुढे काय, हा प्रश्न त्या गोळीत नव्हता. सरकारी मोफत औषधोपचार सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडावा लागला.

दुसरी अडचण अशी, की गरोदरपणात तपासणी होते ती बाईची. तिचा अहवाल आधी येतो. घरात पहिली लागण तिचीच 'सापडते', आणि जिची आधी सापडली तिनेच ती आणली, असा निवाडा सासरी होऊन जातो. आमच्या इंदुरात काय आणि तुमच्या तालुक्याच्या गावी काय, हा निवाडा करायला कोणतेही न्यायालय लागत नाही. आपल्या सरकारने या कार्यक्रमाला नाव देताना 'मातेकडून बालकाकडे' याऐवजी 'पालकांकडून बालकाकडे' असा शब्द वापरला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याने कुणी तो शब्द सुचविला, त्याला बापही या गोष्टीत आहे याची आठवण होती. पण बाप फायलीवर आला तसा दवाखान्याच्या बाकावर यायला हवा. नवऱ्याने बायकोबरोबर तपासून घेणे हा नियम झाला पाहिजे. आज औषधे नियमित घेतली आणि विषाणूंचे प्रमाण दबून राहिले, तर शरीरसंबंधातून लागण पुढे जात नाही, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. म्हणजे नवऱ्याची तपासणी आणि नवऱ्याचा उपचार हीच बायकोची सुरक्षा.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे. सरकारचा पैसा मोजका असतो. आपल्या देशात प्रौढांमध्ये या लागणीचे प्रमाण हजारात दोनच्या आसपास आहे. अशा वेळी जिथे आग अधिक तिथे पाणी अधिक, हाच शहाणपणा. प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईपर्यंत पोहोचण्याइतका पैसा आणायचा कुठून? या आक्षेपात तथ्य आहे. निवडक गटांवर भर दिल्यामुळे नव्या लागणी नव्वदच्या दशकाच्या मानाने खूप उतरल्या, हे नाकारता येणार नाही. तुमच्या आसपासचे सांगली, बेळगाव, बागलकोट हे जिल्हे एकेकाळी फार मोठा भार वाहत होते. तिथल्या लोकांना हे मी सांगायला नको. तरीही २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार एच.आय.व्ही.सह जगणारी माणसे देशात २५ लाखांहून अधिक आहेत आणि त्यांत सुमारे ४४ टक्के स्त्रिया आहेत. एवढ्या स्त्रिया 'अतिजोखमीच्या गटा'त मावत नाहीत.

आणि त्या गटातल्या कामानेच एक गोष्ट शिकवली, जी गृहिणीलाही लागू पडते. सांगलीला १९९२ साली मीना शेषू यांनी 'संग्राम' ही संस्था उभी केली. देहविक्रय करणाऱ्या बायकांनीच आपल्या वस्तीत निरोध वाटायचे, एकमेकींना समजवायचे आणि आजारी मैत्रिणीला दवाखान्यात न्यायचे, असे काम तिथे सुरू झाले. १९९६ साली त्यांचीच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन झाली. एकट्या बाईने निरोधाचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. सगळ्या दारांतून एकच उत्तर मिळाले तर त्याला ऐकावे लागते. त्यांचा बचाव केवळ माहितीने झाला नाही. 'नाही' म्हटल्यावर पाठीशी उभ्या राहणाऱ्या बाया होत्या, म्हणून झाला. आता विचार करा. ज्या बाईला समाजाने बदनाम केले, ती संघटित झाल्यावर पुरुषाला अट घालू शकते, आणि जिला समाजाने मंगळसूत्र घालून मान दिला, ती बंद दाराआड एकटी असल्यामुळे अट घालू शकत नाही. आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनेवर यापेक्षा कडक टीका मला सुचत नाही.

कुणी म्हणेल, मग बायकांच्या हातात राहील असे साधन द्या. हे म्हणणे योग्यच आहे, आणि त्या दिशेने प्रयत्नही झाले. स्त्रीने वापरायच्या निरोधाला अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळाली, पण तो महाग पडला आणि आपल्याकडे घरोघरी कधी पोहोचलाच नाही. योनिमार्गात ठेवायच्या औषधी कड्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या लेनाकापाविर या औषधाची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवर झाली. २०२४ साली तिचे निष्कर्ष आले. ते इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ जणींपैकी एकीलाही लागण झालेली नव्हती. २०२५ साली जागतिक संघटनेने त्याचीही शिफारस केली. कुणाची परवानगी न घेता बाईला स्वतःला वाचविता येईल, असे हे साधन आहे. ते आपल्याकडे स्वस्तात यावे, सरकारी दवाखान्यात मिळावे, अशी मागणी आपण केलीच पाहिजे.

पण इथे कुटुंबनियोजनाचा अनुभव विसरून चालणार नाही. सरकारने 'निरोध' १९६८ साली आणला तो कुटुंबनियोजनासाठी. पुढे काय झाले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती; पुरुषांची नसबंदी झालेली घरे ०.३ टक्के. मूल नको असेल तर पोट बाईचे कापायचे. रोग नको असेल तर साधन पुरुषाच्या खिशात ठेवायचे. वरवर या दोन उलट गोष्टी दिसतात. मला त्या एकच वाटतात, कारण दोन्हींत बाईला काय हवे, हे कुणी विचारलेले नाही. उद्या इंजेक्शन आले आणि तेही 'बाई, तूच टोचून घे, त्याला काही बोलू नकोस' अशा रीतीने आले, तर तिचा जीव वाचेल, पण घरातला अन्याय जिथल्या तिथे राहील. जीव वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. तेवढ्यावर समाधान मानायचे की नाही, हा मात्र आपल्या सर्वांचा प्रश्न आहे.

कायद्याकडे पाहिले तर तिथेही दोन तोंडे दिसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कारात मोजलेली नाही. एक सरकारी खाते बाईला सांगते, सुरक्षित संबंधाचा आग्रह धर. आणि तिने नकार दिल्यावर तो मोडला गेला, तर फौजदारी कायदा त्याला बलात्कार म्हणत नाही. याउलट एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, बराच शहाणा आहे. जोडीदाराला कळविल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर विशेषतः स्त्रीच्या बाबतीत तसे कळवू नये, असे त्यात म्हटले आहे. तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, हेही त्यात आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी या वेळी त्या पोळ्या करणाऱ्या बाईसारखीला डोळ्यांपुढे आणले होते असे दिसते. 'अब करूँ क्या' या प्रश्नाचे निम्मे उत्तर राहण्याच्या जागेत आहे, हे त्यांना उमगले होते.

आमच्या इंदूरकरांना अहिल्याबाईंचा मोठा अभिमान. १७६७ ते १७९५ पर्यंत त्यांनी माळव्यावर राज्य केले. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा करण्याची चाल असताना त्यांनी विधवांना दत्तक घेण्याची आणि आपले धन आपण राखण्याची मोकळीक दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. घाट आणि देवळे यांच्यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. स्वतःचे चार पैसे आणि डोक्यावर छप्पर असलेली बाई वेगळ्या आवाजात बोलते, हे त्या जाणत असाव्यात. पुढे दोनशे वर्षांनी, २००६ साली एड्सच्या आर्थिक-सामाजिक परिणामांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. नवरा या रोगाने गेल्यावर बहुसंख्य विधवांना सासरच्या मालमत्तेत वाटा नाकारला गेला आणि त्यांतल्या बहुतेकींना ते घर सुटले, असे तिच्यात आढळले.

म्हणून माझे म्हणणे असे, की बाईला वाचवायचे तर दवाखान्यातल्या कार्यक्रमाइतकाच दुसरा एक कार्यक्रम लागतो, आणि तो आपल्या घरात आहे. नवऱ्याला 'आधी तपासून घे, मग जवळ ये' असे तीच बाई म्हणू शकते, जिला नाही म्हटल्यावर जायला जागा आहे. ती जागा बहुधा माहेर असते. आणि माहेराचे आपण काय केले? २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. त्यानंतरही घरोघर बहिणींच्या सह्या घेऊन हक्कसोड पत्रे होतात. बहीण हसतमुखाने सही करते, कारण भाऊ तुटायला नको. दर भाऊबीजेला ती ओवाळते, भाऊ तबकात साडी नाहीतर पाकीट ठेवतो. पण उद्या तिच्यावर प्रसंग आला आणि ती रात्री पोरांना घेऊन दारात उभी राहिली, तर त्या दारावरचा तिचा हक्क तिने आधीच लिहून दिलेला असतो. मग ती येतच नाही. 'पदरी पडले पवित्र झाले' म्हणते आणि आहे तिथे राहते, आणि कधी कधी त्या राहण्याची किंमत रोगाने मोजते.

वाचकहो, सरकारने काय करावे हे सरकारला सांगत राहू. पण सातबारा असो, कर्नाटकातला उतारा असो की आमच्याकडचा खसरा असो, ज्या घरात बहिणीचे नाव अजून त्यावर आहे, तिथे ते यंदाच्या भाऊबीजेनंतरही राहू द्यावे. दवाखान्यातले पत्रक हातात धरून जी बाई विचारते की आता करू काय, तिला देता येईल असे एक उत्तर त्या नावात आहे.